फाट्याचं ॲसिड

मी बाटली बॅगेत आडवी ठेवली. चूक एवढीच. आमच्या कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक खोक्यावर वर तोंड केलेला बाण आणि 'ही बाजू वर' हे शब्द माझ्याच देखरेखीखाली छापले जात. पण स्वतःची बॅग भरताना मी त्या बाटलीला वर्तमानपत्रात गुंडाळून, पंचा आणि दोन इस्त्रीचे शर्ट यांच्या मधे, आजारी माणसाला निजवावं तशी निजवली. प्रवासात तिला धक्के बसू नयेत म्हणून!

बाटलीत होतं आयसोव्हॅलेरिक ॲसिड. नाव ऐकून घाबरू नका, मीही सुरुवातीला ते कागदात बघूनच म्हणत असे. कार्बनचे अणू हातात हात घालून रांगेत उभे असतात अशी कल्पना करा. साध्या ॲसिडात ही रांग सरळ जाते. ह्याच्यात शेवटाला तिला फाटा फुटतो. पुण्याहून सरळ कोल्हापूरला येणाऱ्या रस्त्याला सांगलीफाटा फुटतो, अगदी तसा. म्हणून आमचं जयसिंगपूरचं गिऱ्हाईक त्याला 'फाट्याचं ॲसिड' म्हणायचं, आणि मला ते नाव कारखान्याच्या नावापेक्षा आवडायचं.

ह्या ॲसिडाचा वास म्हणजे दिवसभर बुटात कोंडलेल्या पायांचा वास. ही उपमा नाही. पायाच्या घामावर जगणारे जंतू खरोखर हेच ॲसिड तयार करतात. तगर ह्या औषधी वनस्पतीच्या जुन्या मुळीला जो दर्प येतो तोही ह्याचाच. आणि नवल असं की, हेच पायांच्या वासाचं द्रव्य अल्कोहोलबरोबर शिजवलं की त्याला पिकल्या सफरचंदाचा घमघमाट सुटतो. पोरं चघळतात त्या गोळ्या, लग्नातली सरबतं, अत्तरं, सगळीकडे ते जातं. झोपेच्या काही औषधांतही जातं. ह्याचे लांब साखळीचे थोरले भाऊबंद रंगाच्या कारखान्यात नोकरीला असतात. कोबाल्टशी जोडी जमवून ते तुमच्या दाराखिडक्यांचा ऑइलपेंट लवकर वाळवतात.

मला मात्र त्या वासाचा काही त्रास नव्हता, कारण मला तो येतच नव्हता. इतकी वर्षं त्याच्यात काढल्यावर माझं नाक तेवढ्या एका वासापुरतं निवृत्त झालं होतं. बाकी फोडणी, फुलं, गटार, सगळं नीट यायचं. हे ध्यानात ठेवा, म्हणजे पुढचा माझा गाढवपणा तुम्हाला समजेल, क्षम्य वाटला नाही तरी.

निघण्याचं कारण

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. मी अंबरनाथला एकटा राहत होतो. आई जाऊन दोन वर्षं झाली होती. घरात माझ्याशी बोलणारा फक्त कुकर उरला होता, आणि तोही तीन शिट्ट्यांच्या वर बोलत नसे. शेजारी चांगले होते, म्हणजे दार लावून घेणारे होते.

महिन्यातून एकदा मात्र जयसिंगपुराहून आप्पा मगदुमांचा एसटीडी यायचा. आप्पा, म्हणजे तेच गिऱ्हाईक, घराच्या खालच्याच मजल्यावर ह्या ॲसिडापासून गोळ्या-सरबतांचे इसेन्स बनवायचे. आम्ही एकमेकांना कधी पाहिलेलं नव्हतं. फोन उचलला की आप्पांचा दणदणीत आवाज, "अंबरनाथवाले, हायसा काय जित्तं?" मालाची मागणी दोन वाक्यांत संपायची. मग कृष्णेला पाणी किती चढलं, तंबाखूचा बाजार कसा पडला, आव्वाचे गुडघे काय म्हणतात. आव्वा म्हणजे त्यांची आई. त्या बाजूला कानडी वळणानं आईला आव्वाच म्हणतात. तो फोन ठेवला की माझा महिना संपायचा. पुढचा महिना म्हणजे पुढचा फोन.

एक दिवस आमचे शेठ म्हणाले, "कोल्हापूर भागात आपला एक माणूस बसवायचा विचार आहे. पण मगदूम ॲसिड वाढवून घेणार असतील तरच, नाहीतर खोलीचं भाडंही निघणार नाही. जाऊन त्यांचा होकार आण. आणलास तर तूच बस तिकडे."

मला हेच हवं होतं. अडचण एकच होती. शेवटच्या फोनवर आप्पा आवाज बारीक करून म्हणाले होते, "आव्वा लई कावलीया बघा. म्हंत्या, ह्यो वास घरातनं काढा, न्हायतर मला काढा." तेव्हा मला जिंकायची होती ती आव्वा. तिच्यासाठी मी आमच्या नव्या, जास्त शुद्ध मालाचा नमुना घेतला. ह्याला वास कमी, असा आमच्या कारखान्याचा दावा होता. दावा करणाऱ्या सगळ्यांची नाकं माझ्यासारखीच होती.

गाडीत

कल्याणला दिवसाची गाडी पकडली. समोर साताऱ्याचं एक जोडपं होतं. कर्जत गेल्यावर बाई नवऱ्याला हळूच म्हणाल्या, "अहो, बूट घाला ना."

"मी काढलेच नाहीत," नवरा म्हणाला.

त्यांनी वाकून बाकाखाली पाहिलं. माझेही बूट पायात होते. घाटात बोगदे सुरू झाले तसं त्यांनी खिडकी उघडली, बंद केली, पुन्हा उघडली. पुण्याला ते सामानासकट पलीकडे गेले. त्यांच्या जागी आलेले दोघे जेजुरीच्या आत उठले. मी पाय पसरून बसलो आणि मनात म्हटलं, लोक उगाच रेल्वेच्या गर्दीला नावं ठेवतात.

शाहूपुरी

संध्याकाळी कोल्हापुरात उतरून स्टेशनजवळच्या एका लॉजवर गेलो. गल्ल्यावर बसलेले मालक वहीवरून मान वर करून म्हणाले, "कुठनं आलासा पावणं?"

"अंबरनाथहून."

"लई लांबनं आलासा." मग क्षणभर थांबून, "आदी पाय धुवून घ्या. त्यो बघा कोपऱ्यात नळ."

मी गहिवरलो. खोटं कशाला सांगू? आमच्याकडे लॉजवाला आधी ॲडव्हान्स मागतो. इथे आल्या पाहुण्याला आधी पाय धुवायला पाणी! देशावरच्या ह्या रीती पुस्तकात वाचल्या होत्या, त्या अजून जिवंत आहेत हे बघून बरं वाटलं. मी मनोभावे पाय धुतले आणि बॅगेतला पंचा काढून खसखसून पुसले. पंचा जरा ओलसर लागला. गाडीत पाण्याची बाटली सांडली असेल, असं वाटलं.

मी परत आलो तसे मालक थोडे मागे सरकले. "साबन देऊ काय?"

"द्या ना," मी म्हणालो. काय हे अगत्य!

दुसऱ्यांदा पाय धुऊन, पुन्हा त्याच पंच्यानं पुसून आलो, तर त्यांनी हातातली किल्ली खुंटीला लावली आणि दुसरी काढली. "गच्चीवरची खोली देतो तुमास्नी. एकली हाय, वारं लई झकास." भाडं तेवढंच. मला वाटलं, माझ्या चेहऱ्यात काहीतरी असावं.

जेवायला जवळच्या खाणावळीत गेलो. आत माणसं खांद्याला खांदा लावून जेवत होती, मला दारालगतचं टेबल मिळालं. "हितं गार वाटंल," वाढपी म्हणाला. तांबडा रस्सा मी आमटी समजून ओरपला आणि कानातून वाफ निघायची तेवढी बाकी राहिली. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. वाढप्यानं लांबूनच हात ताणून पांढऱ्या रश्श्याची वाटी ठेवली. "रडू नगा पावणं. ह्यो प्या, जाळ निवतोय."

आजूबाजूला एवढी माणसं असताना मी एकटाच एका टेबलावर, नाक पुसत. पण कुणीतरी 'रडू नका' म्हणालं होतं. बऱ्याच दिवसांत तेही कुणी म्हणालं नव्हतं.

शिरोली आणि अंबाबाई

दुसऱ्या दिवशी सकाळी चांगली अंघोळ करून बॅगेतला धुतलेला शर्ट चढवला. म्हणजे काय झालं ते तुमच्या लक्षात आलं असेल. मी जितका स्वच्छ होत होतो तितका जास्त घाण होत होतो. पाठीला जरा चुणचुणत होतं, ते मी कोल्हापूरच्या पाण्यावर ढकललं.

कोल्हापूरजवळच्या शिरोलीत रंगाच्या एका कारखान्यात जायचं होतं. शेठच्या मनात आमच्या ॲसिडाचा तो रंग वाळवणारा थोरला भाऊही बनवायला घ्यायचं होतं, त्याची चौकशी. तिथले व्यवस्थापक पाटील म्हणून होते, भला माणूस. केबिनच्या दारात मला बघितलं आणि खुर्चीवरून उठलेच. "पाय धुणार काय?"

"आत्ताच अंघोळ करून आलोय."

"तरीबी."

मी धुतले. मग त्यांनी खुर्च्या बाहेर चिंचेखाली टाकल्या आणि चहा तिथेच मागवला. माझ्यावरून वाहणारा वारा त्यांच्याकडे येऊ नये म्हणून त्यांनी दोनदा खुर्ची फिरवली, हे मला आता आठवतं. तेव्हा मी म्हणालो, "तुमच्याकडे पाहुण्याला केबिनमध्ये कोंडत नाहीत, हे फार छान."

"व्हय," पाटील म्हणाले. "काही पावण्यांस्नी तर न्हाईच."

दुपारी अंबाबाईला गेलो. चपलांच्या स्टँडवरच्या बाईंनी माझे बूट हातात घेतले, लांब धरले, मग धीर करून नाकाशी नेले आणि बुचकळ्यात पडल्या. "बूट तर बरं हायत की!"

"नवीन घेतलेत," मी कौतुक स्वीकारत म्हणालो.

"आन मोजं?"

"तेही नवीन."

"अगं बया," एवढंच म्हणाल्या. "पाय धुवून जावा आत." देवळाच्या दारात पाय धुतात ते सगळेच, त्यामुळे माझ्या समजुतीवर देवीचाही शिक्का बसला. रांगेत माझ्या पुढेमागे हातभर जागा मोकळी होती. मला वाटलं, शिस्त.

संध्याकाळी रंकाळ्याच्या कट्ट्यावर बसलो. लोक भेळ घेऊन येत, घरची माणसं, नवी लग्नं झालेली जोडपी, आजोबांना फिरवायला आणलेल्या सुना. माझ्या शेजारी टेकत आणि पाण्याकडे बघत बघत उठून पुढे जात. थोड्या वेळानं कट्ट्याच्या त्या तुकड्यावर मी आणि एक कुत्रं, दोघेच उरलो. कुत्र्याला मात्र मी फार आवडलो होतो. त्यानं माझी पॅन्ट हुंगली, बाही हुंगली, मग समाधानानं पायाशी अंग टाकलं. मी त्याला सगळं सांगितलं. म्हटलं, इथेच कुठेतरी एक खोली घेईन. सकाळी कामं, संध्याकाळी इथे. पाहुण्याचे पाय धुवायला लावणाऱ्या गावात माणूस एकटा कसा राहील? कुत्र्यानं जांभई दिली. पाण्यावर पलीकडचे दिवे लागले. मला उठवेना. अंबरनाथच्या खोलीची किल्ली खिशात टोचत होती, आणि मी ती बाहेर काढून बाजूला ठेवली, तेवढ्यापुरती.

जयसिंगपूर

तिसऱ्या दिवशी जयसिंगपुरात उतरलो. आखून पाडलेल्या सरळ गल्ल्या, तंबाखूच्या वखारी, आणि एका गल्लीत आप्पांचं घर. फोनवरच्या आवाजावरून मी एखादा पैलवान कल्पिला होता. दारात उभा होता हडकुळा, चष्मेवाला गृहस्थ, आणि त्याच्या तोंडून तो आवाज निघाला, "या अंबरनाथवाले! जित्तं हायसा की!" मिठीच मारायला पुढे आले, आणि वाटेत थबकले. चष्म्यामागे डोळे बारीक झाले. मग त्यांनी माझा हात तेवढा हातात घेतला आणि दाबला.

त्यांच्या पत्नी, अक्का, तांब्या घेऊन आल्या. "पाय धुवा दादा."

मला भरून आलं आणि मी पुन्हा मनोभावे पाय धुतले.

वर माडीवर आव्वा भिंतीला टेकून बसली होती. कपाळाला विभूती, गळ्यात लिंग, पसरलेल्या पायांवर तेलाचा हात. मला नखशिखांत न्याहाळून म्हणाली, "बसा पावणं. थितं, खिडकीपाशी."

चहा झाला. हीच वेळ, असं मला वाटलं. आव्वाला जिंकायचं तर आधी तिच्या मुलखाची तारीफ करावी. मी सुरुवात केली. "आव्वा, खरं सांगू? मी तीन दिवस बघतोय, तुमच्यासारखी माणसं मी कुठे पाहिली नाहीत. आमच्याकडे पाहुण्याला कुणी पाणी विचारत नाही. इथे मात्र जिथे जाईन तिथे आधी 'पाय धुवा' म्हणतात. जुनी रीत तुम्ही जपलीत. ह्या गावात राहायला यावं असं वाटतं."

आव्वानं पायावरचा हात थांबवला. "कोन म्हनालं पाय धुवा?"

"सगळेच! लॉजचे मालक, शिरोलीचे पाटील, देवळापाशी बाई. आत्ता अक्का."

आव्वानं आप्पांकडे पाहिलं. आप्पांनी आढ्याकडे पाहिलं. अक्का पदर तोंडात कोंबून आत पळाल्या आणि आत एक ताट खणखणत पडलं.

"लेकरा," आव्वा म्हणाली, आणि त्या शब्दाबरोबर मी 'तुम्ही'तून 'तू'मध्ये पडलो, "ती रीत माझ्या सासूसंगं गेली. आता कोन कुनाला पाय धुवा म्हंतंय? तुझं पाय वास मारत्यात, म्हनून म्हंत्यात ती."

मी आप्पांकडे वळलो. "आप्पा?"

"म्या दारातच वळखलं व्हतं," आप्पा कसनुसे म्हणाले. "पर पावण्याला कसं म्हनायचं? म्हटलं, आपलाच माल हाय, आपुनच हुंगायचा."

मी बॅग उघडली. बाटली आडवी. झाकणाशी कागद भिजून लगदा झालेला. बाटली निम्मी रिकामी, आणि ते निम्मं मी तीन दिवस कोल्हापूरभर अंगावर मिरवत होतो. पंचा, शर्ट, सगळं त्यातून निघालेलं. तळाशी कल्याणला घेतलेला हलव्याचा पुडा होता, आव्वासाठी. तो मी लपवणार, तोवर तिनं हात पुढे केला. पुडा उघडला, एक वडी नाकाशी नेली.

"ह्यो हलवा हाय का मोजं?"

आता अक्कांना आत थांबवेना. त्या बाहेर येऊन भिंतीला धरून हसायला लागल्या, मग आप्पा, मग मीही. हसता हसता माझ्या डोक्यात काहीतरी लख्ख झालं आणि माझं हसू तिथेच राहिलं.

आई असताना रोज संध्याकाळी दारात पाण्याची बादली भरून ठेवायची. "पाय धू, मग आत ये." मी म्हणायचो, हिचं सोवळं. एकदा तर तिच्यावर चिडलोही होतो. ती कधी काही बोलली नाही. आणि ती गेल्यावर ती बादलीही गेली, आणि शेजारची दारं एकेक करून लागायला लागली, ती मी शहराच्या रीतीवर ढकलली. दोन वर्षं! एवढी माणसं जिन्यात भेटली. कुणी एकानं सांगितलं असतं तर?

"काय रं, हसता हसता बंद पडलास?" आव्वा म्हणाली.

"काही नाही. आमच्याकडे असं तोंडावर कुणी सांगत नाही."

"मंग कशाला ऱ्हातोस थितं?" तिथून सुटायला हिचाच होकार हवा होता, आणि तो मागायलाच मी आलो होतो.

आंघोळीची तयारी झाली. ॲसिडाचा हा वास नुसत्या साबणानं जात नाही, सोडा लागतो. सोड्याशी गाठ पडली की त्याचं मीठ होतं आणि वास मरतो. एवढं रसायनशास्त्र मला येत होतं, फक्त वेळेवर आलं नव्हतं. मी अक्कांना खायचा सोडा मागितला. कपडे भिजवले तिथे फसफस उठली, पाठीवर चोळला तिथे चुरचुरलं. बाहेरून अक्कांचा आवाज आला, "दादा, सोडा लागला न्हवं? मंग आता बेसनात बुडवून तळाया घ्यायचं का तुमास्नी?"

कपडे आप्पांचे मिळाले. त्यांचा सदरा माझ्या कोपरांशी संपत होता आणि लुंगी पोटऱ्यांशी. तशा अवतारात मी घरच्या पंगतीत बसलो. "ऊटा कर आदी, मंग बोल," आव्वा म्हणाली. ऊटा म्हणजे जेवण. ज्वारीची ऊन भाकरी, भरलं वांगं, शेंगदाण्याची चटणी, वर दही. कुणी सरकून बसलं नाही. अक्कांचा हात माझ्या ताटावर आला की बांगड्या माझ्या मनगटाला लागायच्या. मी किती भाकरी खाल्ल्या ते मोजलं नाही, आव्वानं मोजल्या असाव्यात, कारण ती म्हणाली, "घरात कोन करून घालतंय?"

"मीच."

"दिसतंय."

निकाल

जेवणानंतर मी शेवटचा डाव टाकला. आप्पांना खालून सफरचंदाच्या इसेन्सची बाटली आणायला सांगितली. आव्वापुढे एका हातात ती आणि दुसऱ्या हातात माझी निम्मी बाटली धरली. म्हटलं, "आव्वा, हे हुंगा. आणि आता हे. दोन्ही एकच. ह्या फाट्याच्या ॲसिडाला एकटं ठेवलं तर त्याच्या जवळ कुणी येत नाही. जोडीला अल्कोहोल मिळालं, जरा ऊब मिळाली, की त्याचंच असं होतं. वास थोडे दिवस सोसायचा, म्हणजे..."

बोलता बोलता माझ्याच लक्षात आलं की मी ॲसिडाबद्दल बोलत नाहीये. मी दोन्ही बाटल्या तिच्या नाकापुढे केल्या.

आव्वानं दोन्ही हुंगलं. सफरचंद दोनदा हुंगलं. मग आप्पांना विचारलं, "ही तयार बाटली मुंबईत मिळतीया?"

"मिळतीया की. ह्यांचंच शेठ करत्यात."

"मंग सफरचंदच आना की. पाय कशाला आनतासा घरात?"

आप्पा माझ्याकडे बघत होते, मी त्यांच्या सदऱ्याच्या बाहीकडे. तिच्या बोलण्यात खोट काढायला जागाच नव्हती.

"आव्वा बरूबर बोलतीया," आप्पा शेवटी म्हणाले. "म्हातारी ह्या वासाच्या वर निजती, वीस वर्सं. म्या तयारच मागवीन. तुमी वाईट वाटून घेऊ नगा."

"नाही, नाही. शेठना आनंदच होईल." तो होणारच होता.

"मंग तुमी कोल्लापुरात कवा बसतासा?"

"तयार बाटल्या पार्सलनं येतात आप्पा. ट्रान्स्पोर्टवाला टाकून जातो. त्याला माणूस लागत नाही."

"पर फोन तर करीन की तुमास्नी."

"इसेन्सची मागणी दुसरीकडे घेतात. पुण्याच्या ऑफिसला."

आप्पांनी चष्मा काढून पुसला, जरुरीपेक्षा जास्त वेळ. "मंग किस्नंला पानी चढल्यालं कुनाला सांगू?" ते म्हणाले, हसण्यावारी नेत. मीही हसण्यावारी नेलं.

संध्याकाळच्या गाडीची वेळ झाली. माझे कपडे अजून ओले होते, म्हणून आप्पांच्याच कपड्यांत निघालो. ओले कपडे आणि ती बाटली अक्कांनी प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून दिली. बाटली ह्या वेळी उभी. आप्पा स्टेशनावर सोडायला स्कूटर काढत होते. आव्वा गुडघे धरत, एकेक पायरी उतरत दारापर्यंत आली, आणि त्यानं मला जास्तच अवघडल्यासारखं झालं. इतक्या वेळात मला एकच गोष्ट सांगायची होती आणि ती कशी सांगावी ते कळत नव्हतं. काहीच काम न उरलेल्या माणसानं कुठल्या नात्यानं परत येतो म्हणावं?

"आव्वा," मी म्हणालो, "कामाचं तर आता काही राहिलं नाही. पण असाच... कधी आलो तर चालेल का?"

तिला प्रश्नच कळला नाही. "असाच म्हंजी?"

"म्हणजे काही कारण नसताना."

"कारन कशाला लागतंय? सनाला ये. गुडघं दुखत्यात का बघाया ये."

काहीतरी बोलायचं म्हणून, शोभेल असं, मी म्हणालो, "नक्की येतो. आणि पुढच्या वेळी तुमच्यासाठी काहीतरी चांगलं घेऊन येतो."

आव्वानं चौकट धरली, एक पाऊल मागे घेतलं आणि गल्लीभर ऐकू जाईल असं ओरडली, "नगं रं बाबा! तुझ्यासारख्या पावण्यानं हात हलवत आल्यालंच बरं!"